धर्मीबायनं लावलेलं लग्न

खांदेश्वरला आमच्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा फॉर्म भरताना सेक्रेटरींनी विचारलं, "मॅडम, व्यवसाय?" मी म्हटलं, "माहितीपट दिग्दर्शक आणि निर्माती." त्यांनी पेन थांबवलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे लग्नाचं शूटिंग वगैरे?" मी ठसक्यात नाही म्हटलं. त्यांनी रकान्यात 'गृहिणी' लिहिलं.

हा लग्नाच्या शूटिंगचा प्रश्न माझ्या मागे कामाच्या पहिल्या दिवसापासून आहे. माहेरच्यांनी विचारला, सासरच्यांनी विचारला, फॅमिली डॉक्टरांनी तर मुलीच्या साखरपुड्याची तारीखच सांगून ठेवली. मी प्रत्येक वेळी चिडले. लग्नं टिपणाऱ्यांना कमी लेखत होते असं नाही, म्हणजे थोडं लेखत होतेच, आता या वयात खोटं कशाला बोला. पण दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामातला एखादा अनुभव लिहा' म्हणून संपादकांचा फोन आला आणि इतक्या वर्षांतलं एकच काम सारखं पुढे येऊन उभं राहिलं. ते निघालं लग्नाचं शूटिंग. आता काय करता!

माहितीपट म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते. खरी माणसं, खऱ्या जागा, खरं काम. तिथं जायचं, बसायचं, चहा प्यायचा, माणसांना आपली इतकी सवय होऊ द्यायची की त्यांनी आपल्याला विसरावं. मग ती जे करतात, बोलतात ते टिपायचं. दिवसभराच्या चित्रणातून दोन-तीन मिनिटं कामाची निघतात. काय टिपायचं ते दिग्दर्शकानं ठरवायचं. त्यासाठी गाडी, परवानग्या, जेवणाचे डबे निर्मात्यानं जमवायचे. आमच्यासारख्या छोट्या कंपनीत ही दोन्ही माणसं एकच असतात आणि दिवसभर एकमेकांशी भांडतात. आमची कंपनी म्हणजे तीन जण. कॅमेऱ्यावर माझा नवरा अरविंद, आवाजाला दिघ्याचा विलास, आणि उरलेलं सगळं मी.

खरं टिपायचं म्हणतो खरं, पण आमच्या धंद्यातली आतली गोष्ट अशी की आम्ही सगळे थोडे खोटारडे असतो. 'परत एकदा' हे आमचे लाडके शब्द. माणूस दारातून आत आला, फ्रेम हलली, "काका, परत एकदा या ना." एका बाईंना मी चार वेळा दार उघडून हसायला लावलं होतं. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "ताई, त्यापेक्षा तुमीच राहायला या."

शिरवण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात एका पंपांच्या कारखान्याची फिल्म करत होतो. मालकांनी शूटिंगसाठी कामगारांना कोरी पिवळी हेल्मेटं दिली होती. एकानं त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढलीच नव्हती. मी म्हटलं, "दादा, पिशवी काढा." तो म्हणाला, "नको मॅडम, संध्याकाळी परत द्यायचीयत, खराब व्हायला नको." ते दृश्य मी फिल्ममध्ये ठेवलं. मालकांनी बघितलं आणि दोन वाक्यांत कापायला लावलं. आजही मला ती फिल्म आठवत नाही, तो माणूस आठवतो. असल्या माणसांनीच मला माझं काम शिकवलं, आणि त्यासाठी त्यांनी माझ्याकडून एक चहासुद्धा घेतला नाही. उलट पाजलाच.

तर धर्मीबाय.

सात-आठ वर्षांपूर्वी एका दुपारी वंदनाचा फोन आला. वंदना शिरवणे गावातली, बँकेत नोकरीला. तिच्या शाखेची एक छोटी फिल्म आम्ही केली होती, तेवढीच ओळख. म्हणाली, "मॅडम, माझ्या सासूबाई धवलारीन आहेत. त्यांच्या गळ्याला गाठ आलीय. बारा दिवसांवर ऑपरेशन आहे. डॉक्टर बोलले, जीवाला टेन्शन नाय, पण आवाज राहील याची गॅरंटी नाय. त्यांचा धवला अख्खा कोणालाच येत नाय हो. आमाला चार ओळी येतात, मग गाडी डीजेवर जाते."

बाहेरच्यांसाठी सांगते. नवी मुंबईच्या जमिनीवर मूळची जी गावं आहेत, तिथं आगरी समाजात लग्नात बाया धवला गातात. त्यात मुख्य गाणारी ती धवलारीन. हे गाणं करमणुकीचं नाही. मांडव घालण्यापासून नवरी सासरी पाठवण्यापर्यंतचा एकेक विधी त्या गाण्यानंच पुढे सरकतो. नवरा-नवरीची, दोघांच्या आईबापांची नावं त्यात गुंफायची असतात, त्यामुळे प्रत्येक लग्नाचा धवला त्या लग्नापुरताच.

मी दुसऱ्या दिवशी शिरवण्याला गेले. गावठाणातलं चार मजली घर, वर तीन मजले भाडेकरू, तळाला धर्मीबाय आणि तिचा संसार. पंचाहत्तरीची, बारकी, कपाळावर आडवं कुंकू, गळ्यात गाठ झाकायला गुंडाळलेला पंचा. मी माझी ठरलेली विनंती केली. "आजी, तुम्ही फक्त इथं ओट्यावर बसा आणि गा. आम्ही एका बाजूला राहू."

"ओट्यावं बसून धवला गायाचा नसतो," ती म्हणाली.

"का हो?"

"धवला गायला ना, का लगीन लागला. कोनाचा लावू? यो खांबाचा?"

वंदनानं समजावलं, तिच्या नवऱ्यानं समजावलं. धर्मीबाय हलेना. गावात पुढचं लग्न होतं दीड महिन्यानं. मी घरी येऊन डोकं धरून बसले. विलास म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. दोन पोरंपोरी उभी करू ना. माझ्या ओळखीचे नाटकवाले आहेत. मुंडावळ्या बांधू, फुल्ल मांडव. आजीला काय कळणारे?"

आणि लिहायला लाज वाटते, पण मला ती कल्पना पटली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी धर्मीबायला मोठ्या उत्साहानं सांगितलं, "आजी, नवरा-नवरी मिळाले. खोटं खोटं, नुसतं शूटिंगपुरतं."

धर्मीबायनं विचारलं, "त्यांच्या आयांना इचारलास?"

"ते नाटकात काम करतात आजी. त्यांना सवय आहे."

"त्यांना सवय हाय. मना नाय. मी गायले ना, का त्यांचा लगीन लागला. मंग ती पोरगी दुसरीकरं गेली तं पाप कोनाला? तुज्या डब्याला?" डबा म्हणजे आमचा कॅमेरा.

माझ्या इतक्या वर्षांच्या 'परत एकदा'ला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. अरविंद तोवर कोपऱ्यात चहा पीत बसला होता. त्याला नको त्या वेळी विनोद सुचतो. म्हणाला, "आजी, आमच्याही लग्नात कुणी गायलं नाही बरं का. ऑफिसात जाऊन सह्या केल्या आणि समोर मिसळ खाल्ली."

धर्मीबायनं कप खाली ठेवला. "हलद?"

"नाही."

"मांडव?"

"नाही."

"मंग तुमचा सरकारी लागला. माज्या लेखी नाय लागला." तिनं एकदा माझ्याकडे, एकदा अरविंदकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून अशी हसली की गळ्यावरचा पंचा सुटला. "एवरी वर्सं बिनलग्नाची नांदतंय गो ही! चल, तुजाच लावतंय."

मी ठाम नकार दिला. दिग्दर्शकानं कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, हा माझा नियम. शिवाय पंचावन्नाव्या वर्षी हळद! पण वंदना माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, दहाच दिवस राहिलेत." तिचे डोळे भरलेले बघून माझा नियम मुकाट गुंडाळून ठेवावा लागला.

लग्न गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली. आता नवराच कॅमेरामन असल्यामुळे कॅमेरा चालवायला कुणी नाही. अरविंदनं फ्रेम लावून कॅमेरा स्टँडवर पक्का केला, विलासला बटण दाखवलं आणि मुंडावळ्या बांधून पाटावर येऊन बसला. विलासचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्याला आवाज हवा होता स्वच्छ. तो प्रत्येक मजल्यावर जाऊन भाडेकरूंची दारं ठोठावून आला: मिक्सर बंद, पाण्याचा पंप बंद, कुकर तासभर नाही. परिणाम असा झाला की स्वयंपाक थांबलेले सगळे भाडेकरू गच्चीवर येऊन बसले. साताऱ्याची दोन कुटुंबं, आझमगडचे तीन सुतार, एक केरळची नर्स. आमच्या सह्यांच्या लग्नाला साक्षीदार धरून पाच माणसं होती. इथं पंचवीस जमली. नर्सबाईनं मला गजरा आणून दिला आणि साताऱ्याच्या वहिनींनी उखाणा घ्यायला लावला. तो काय घेतला ते मी लिहिणार नाही.

धर्मीबायनं डाव्या हातानं गळा धरला आणि सुरू केलं.

त्या आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. गोड नव्हता. चिरका, जुना, पण एकदा लागला की हलत नव्हता. वंदना आणि गावातल्या चार बाया मागून सूर ओढत होत्या. मला मात्र चैन पडत नव्हतं. मी खाली मान घालून तिरक्या डोळ्यानं कॅमेऱ्याचा लाल दिवा बघत होते. अरविंदचं अर्धं डोकं फ्रेमबाहेर जातंय अशी मला शंका होती, आणि ती नंतर खरी ठरली. मी हातानं त्याला खुणावलं तशी धर्मीबाय गाणं न थांबवता माझ्या हातावर चापट मारून गेली. नवरीनं खाली बघायचं असतं.

मग नावं आली. अरविंदच्या आईवडिलांची झाली, माझ्या आईचं झालं. धर्मीबाय माझ्याकडे वाकली. "बापाचा नाव?"

"ते नका घालू, आजी. ते लग्नाला आले नव्हते."

"नाव सांग."

"ते आता नाहीत."

"बापाबिगर पोर कोनाची? नाव सांग गो."

"शंकर," मी म्हटलं.

आणि तिनं गायलं. शंकरबापाची लेक सुमन पाटावर बसली. एवढंच. आणि मला रडू फुटलं. साधं डोळे पुसण्यासारखं नाही, हमसून हमसून. अरविंद घाबरला. मी पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. धर्मीबाय गातच राहिली, मी रडतच राहिले, आणि विलास हेडफोन लावून दोन्ही हात कपाळाला लावून उभा होता.

माझे वडील कराडजवळच्या गावात गणिताचे शिक्षक. अरविंद दुसऱ्या जातीचा, म्हणून ते आमच्या लग्नाला आले नाहीत. सगळ्यांना मी एवढंच सांगत आले आणि त्या दिवशीही एवढंच सांगितलं.

दोन दिवसांनी विलासनं मला स्टुडिओत बोलावलं. "मॅडम, बाकी सगळं एक नंबर. पण बापाच्या कडव्यावर तुमचं रडणं बसलंय. साफ करायला गेलो तर आजीचे शब्द जातायत. दोन्ही आवाज एकमेकांत घुसलेत."

आयुष्यभर मी लोकांना 'शांतता' म्हणून दटावत आले. शाळेत खोकणाऱ्या पोरांना बाहेर काढलं, कारखान्यात भोंगा बंद ठेवायला लावला, एकदा तर एका महाराजांचं भजन थांबवलं. आणि ज्या एका गाण्याला दुसरी संधी नव्हती, ते मी स्वतः नासवलं. ऑपरेशनला आठवडा बाकी होता. मी शिरवण्याला धावले. "आजी, परत एकदा, तेवढंच कडवं."

धर्मीबाय माझ्यावर रागावली नाही. समजावणीच्या सुरात म्हणाली, "लगीन दोनदा लागत नाय गो."

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कुजबुज तेवढी उरली, तीही कान जवळ नेला तर ऐकू यायची. वंदनानं फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली नाही, मला वाईट वाटू नये म्हणून आवरलं असावं. म्हणाली, "मॅडम, जेवढं मिळालं तेवढं मिळालं. तुमी नसता तर तेपण नव्हतं." लोक एवढे मोठ्या मनाचे असतात हे मला या कामानं दाखवलं. ऑफिसात बसून मला ते कधीच कळलं नसतं.

महिन्याभरानं मी आणि विलास शिरवण्याला गेलो. सगळं जुळवून झालं होतं. धर्मीबायनं ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी ठरवलं होतं. विलासनं त्याचा रेकॉर्डर तिच्या पुढ्यात ठेवला आणि तिच्या कानांवर हेडफोन बसवला. ती डोळे मिटून बसली. हात मांडीवर ताल धरत होता. ओठ हलत होते. वंदना दाराच्या चौकटीला टेकून सासूच्या तोंडाकडे बघत होती. बापाचं कडवं आलं ते मला धर्मीबायच्या हातावरून कळलं, कारण तिचा ताल चुकला.

तिनं हेडफोन काढला आणि मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"आपला चुकलाय."

"माझं चुकलं, आजी. माझ्या रडण्यानं…"

तिनं हातानं ते उडवून लावलं. "तू रडलीस ना, मी तुज्याकरं बगत रायले. माजी एक ओल गेली. पन्नास वर्सांत नाय गेली कवा. बापाची ओल."

"कुठली ओळ?"

ती आठवायला थांबली नाही. थांबली ती श्वास साठवायला. विलास आमच्या शेजारी बसला होता. त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं, हेडफोन स्वतःच्या कानांना लावला आणि माइक तिच्या ओठांपाशी नेला. तिनं गायलं नाही. गाता येतच नव्हतं. नुसती कुजबुजली:

"बाप उभा दारी गो, त्याला मांडवान घ्या,
लेक त्याची बसली गो, पाट त्याला द्या."

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते लिहिते. माझे वडील लग्नाला आले नाहीत हे खरं. पण सहा वर्षांनी एकदा ते आले होते. नेरूळच्या आमच्या पहिल्या घरी, न कळवता, सकाळी. दार मी उघडलं. धुतलेलं धोतर, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मी त्यांना आत या म्हटलं नाही. "आम्ही शूटिंगला निघालोय," असं म्हटलं. निघालोच होतो, पण तासाभरानं निघालो असतो तरी काही बिघडणार नव्हतं. सहा वर्षं त्यांनी मला बाहेर ठेवलं होतं. पाच मिनिटं त्यांनी बाहेर उभं राहावं असं मला वाटलं. मला वाटलं, ते म्हणतील, "थांबतो." ते म्हणाले, "बरं, काम आधी." पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि जिना उतरले. पुढच्या वर्षी ते गेले.

धर्मीबायला यातलं काहीच माहीत नव्हतं. ही ओळ ती पन्नास वर्षं प्रत्येक नवरीला म्हणत आली होती. कितीतरी बाप रुसून, लाजून, नाही तर पिऊन मांडवाबाहेर उभे राहिले असतील, म्हणून तर ती ओळ धवल्यात आली असणार. मी तिच्या पायाशीच बसून राहिले. या वेळी मी रडले नाही. आवाज करायचा नव्हता.

धर्मीबायनं माझ्या हनुवटीला हात लावून मान वर केली.

"घेतलास काय?"

विलासनं हेडफोन खाली घेतला, अंगठा वर केला. "घेतलं, आजी. एकदम क्लीन."

तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुना नाय रं. हिला इचारतंय."

"घेतलं, आजी," मी म्हटलं.